क्लेम ते यूटीआर: खर्च-परतफेड आणि पेमेंट रिक्वेस्टचं सॉफ्टवेअर उलट्या टोकापासून कसं बांधावं

खर्चाच्या क्लेमचं सॉफ्टवेअर करायला घेतलं की बहुतेक टीम फॉर्मपासून सुरुवात करतात. बिलाचा फोटो काढा, रक्कम टाका, सबमिट दाबा. साहेबांच्या मोबाइलवर मंजुरीचं बटण. डेमोला हे छान दिसतं. तीन महिन्यांनी बघावं तर अकाउंट्समध्ये त्याच क्लेमची वेगळी एक्सेल शीट सुरू झालेली असते. मंजुरीनंतर जे घडतं (बँकेतून पैसे परत येणं, आधी उचललेला ॲडव्हान्स क्लेममधून वजा म्हणजे वळता करणं, टीडीएस म्हणजे पेमेंटमधून कापायचा आयकर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद) त्याला सॉफ्टवेअरमध्ये जागाच ठेवलेली नसते. म्हणून बांधणी मागून पुढे करावी: आधी बँक, मग हिशेबाची नोंद, मग मंजुरी आणि सगळ्यात शेवटी फॉर्म. या लेखाचा क्रमही तोच आहे. शीर्षकातला यूटीआर म्हणजे बँक प्रत्येक पेमेंटला देते तो व्यवहार क्रमांक.

उदाहरणासाठी पुण्यातली एक मध्यम कंपनी धरू. भोसरी एमआयडीसीत कारखाना, बाणेरला ऑफिस, दीडशे माणसं. त्यातले तीसेक सर्व्हिस इंजिनिअर चाकण, रांजणगाव, तळेगाव आणि बाहेरगावी फिरणारे. महिन्याला चारेकशे क्लेम, दोनेकशे व्हेंडर बिलं. एवढ्या कामाला मायक्रोसर्व्हिसचा (ॲपचे अनेक छोटे स्वतंत्र तुकडे करण्याचा) पसारा लागत नाही. एक नीट रिलेशनल डेटाबेस, एक वेब ॲप आणि रात्री चालणारी दोन-तीन कामं पुरतात.

कोडआधी गोळा करायचे कागद

बँकेच्या बल्क पेमेंट फाइलचा (अनेक पेमेंट एकदम पाठवायची फाइल) नमुना आणि कोणतं पेमेंट झालं, कोणतं नाकारलं हे सांगायला बँक परत देते त्या रिव्हर्स फाइलचाही नमुना. टॅलीतल्या लेजर (हिशेबाची खाती) आणि कॉस्ट सेंटरची (खर्च कोणत्या विभागाचा ते दाखवणारे गट) यादी, जशीच्या तशी. प्रवास-खर्चाचं धोरण. आणि व्हाउचरचे दोन गठ्ठे: एक मार्चचा, एक साध्या महिन्याचा.

गठ्ठे वाचताना खाडाखोड शोधा. रक्कम खोडून कमी केलेली, "साहेबांशी बोलणं झालंय" असा शेरा, बिलाशिवाय दिलेली हमाली, एकच हॉटेल बिल दोन डिपार्टमेंटवर वाटलेलं. अशी प्रत्येक खाडाखोड म्हणजे सॉफ्टवेअरची एक गरज. धोरणाची पीडीएफ आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतला फरक मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही; तो या गठ्ठ्यात दिसतो.

दोन पायाभूत निर्णय: पैसे आणि तारीख

रक्कम नेहमी पूर्णांकात, पैशांमध्ये साठवा. ₹१,२३४.५० म्हणजे १२३४५०. फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाची अपूर्णांक साठवण्याची अंदाजे पद्धत) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. शंभर ओळींची बॅच बँकेच्या बेरजेपेक्षा एका पैशाने चुकली तरी फाइल नाकारली जाऊ शकते. दाखवताना मात्र १२,३४,५६७ अशी लाखांची मांडणी करा. परदेशी लायब्ररीची मूळ सेटिंग तशीच राहिली तर १,२३४,५६७ दिसतं आणि अकाउंट्सवाले पहिल्या दिवसापासून अविश्वासाने बघतात.

खर्चाची तारीख ही नुसती तारीख असावी, तिला वेळ आणि टाइम झोन जोडू नये. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) चालत असेल तर १ एप्रिलला पहाटे दोन वाजता पुण्यात भरलेला क्लेम सर्व्हरच्या दृष्टीने ३१ मार्च, रात्री साडेआठचा असतो. आर्थिक वर्ष यूटीसीवरून काढलंत, तर तो गेल्या वर्षात जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक व्यवहाराला तीन तारखा लागतात: खर्च कधी झाला, हिशेबात कधी नोंदला, पैसे कधी गेले. एकाच तारखेवर भागवायला गेलात तर वर्षअखेरीला फजिती ठरलेली.

तीन कागद, एक तिजोरी

क्लेम, ॲडव्हान्स आणि व्हेंडरची पेमेंट रिक्वेस्ट दिसायला सारखी वाटतात, कारण तिन्हींत कुणीतरी पैसे मागतं. पण क्लेममध्ये पैसे आधीच खर्च झालेत आणि कंपनी कर्मचाऱ्याचं देणं लागते. ॲडव्हान्समध्ये खर्च अजून व्हायचाय, म्हणजे कर्मचारीच कंपनीचा देणेकरी. व्हेंडरच्या रिक्वेस्टला टीडीएस, जीएसटी, परचेस ऑर्डर, मालाची पोच अशी शेपटं असतात. 'प्रकार' नावाचा एक कॉलम टाकून तिन्ही एकाच टेबलात कोंबले, की अर्धे कॉलम कायम रिकामे राहतात आणि प्रत्येक नियमात तीन-तीन फाटे फुटतात.

तिघांची टेबलं वेगळी ठेवा. मंजुरीनंतर मात्र तिन्हींतून एकाच प्रकारची नोंद तयार होऊ द्या: 'देणं'. कुणाला, किती, कधीपर्यंत, कोणत्या कागदापोटी. बँकेच्या बाजूच्या कोडला फक्त देणं ठाऊक असावं. ते रिक्षाचं आहे की ठेकेदाराचं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

बँक: मंजूर झालं म्हणजे पैसे पोचले असं नाही

देण्याखाली 'पेमेंट प्रयत्न' हे वेगळं टेबल करा. एका देण्याचे अनेक प्रयत्न असू शकतात, पण एका वेळी जिवंत प्रयत्न एकच. ही अट ॲपच्या कोडवर सोडू नका. डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारी अट) लावून घ्या, म्हणजे दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी दुसरा अडतो. प्रयत्नाच्या अवस्था अशा: तयार, बॅचमध्ये, बँकेला पाठवला, जमा, नाकारला, परतला, अनिश्चित.

यातली 'अनिश्चित' ही अवस्था सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच विसरली जाते. बँकेच्या एपीआयला (दोन सॉफ्टवेअरनी आपसात बोलायची सोय) विनंती गेली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर पैसे गेले की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. अशा वेळी 'अयशस्वी' समजून पुन्हा पाठवणं हे दुबार पेमेंटचं हमखास कारण. प्रत्येक प्रयत्नाला स्वतःचा संदर्भ क्रमांक द्या, तो विनंती पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहा, आणि अनिश्चित असेल तर त्याच क्रमांकाने स्थिती विचारा. ठाम उत्तर येईपर्यंत नवा प्रयत्न तयारच होऊ देऊ नका.

बॅचची वाट साधारण अशी असावी:

१. अकाउंट्सचा माणूस देय तारखेनुसार देणी निवडतो. निवडताच ती कुलूपबंद होतात.
२. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीचा मार्ग ठरवतं. आरटीजीएससाठी किमान रक्कम ₹२ लाख. त्याखाली एनईएफटी. घाई असेल तर ₹५ लाखांपर्यंत आयएमपीएस.
३. फाइल तयार होते आणि तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा ठसा) साठवला जातो. मंजूर झालेली फाइल आणि बँकेत चढवलेली फाइल एकच होती, हे यावरून नंतर दाखवता येतं.
४. दुसरी व्यक्ती ओळींची संख्या आणि एकूण रक्कम पाहून बॅच सोडते. फाइल बनवणारा आणि सोडणारा एकच नको, अगदी संचालक असला तरी.
५. रिव्हर्स फाइल आली की प्रत्येक ओळीला यूटीआर किंवा नाकारल्याचं कारण चिकटतं.

पाचव्या पायरीत ओळी आपल्या संदर्भ क्रमांकावरून जुळवा. नाव आणि रक्कम पाहून जुळवायला गेलात, तर एकाच दिवशी ₹५०० चे सात क्लेम असले की गुंता होतो. यूटीआरचा रकाना पुरेसा मोठा आणि अक्षरी ठेवा: एनईएफटीचा १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२, आयएमपीएसचा संदर्भ १२ अंकी.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. पण एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातं आणि खातं बंद असेल तर पैसे काही वेळाने परत येतात. म्हणजे काल 'जमा' दिसलेली ओळ आज 'परतला' होऊ शकते. त्या ओळीवर फिरवाफिरव करू नका. जुना प्रयत्न यूटीआरसकट तसाच ठेवा, परतीची नोंद जोडा, देणं पुन्हा उघडा, खातं दुरुस्त झाल्यावर नवा प्रयत्न करा.

खाते क्रमांकाच्या चुका बहुतेक वेळा एक्सेलमधून येतात. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच नेमके ठेवतं, त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर उडतातच. खाते क्रमांक कायम मजकूर म्हणून साठवा आणि बॅच फाइल माणसाला एक्सेलमध्ये उघडावीच लागणार नाही अशी सोय करा. आयएफएससीची अक्षरं ११: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी लोक हमखास इंग्रजी ओ टाकतात. तो शून्यात बदलून घ्या आणि बदललं म्हणून सांगा. कोडची यादीही स्थिर नसते. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद वगैरे बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या आणि नंतर त्यांचे जुने कोड बंद पडले. यादीला 'कधीपासून-कधीपर्यंत' हवंच.

नाव चुकलं तर बँक अडवेल, या भरवशावरही राहू नका. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. नवं खातं जोडताना एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव तपासून घ्या आणि ते नाव साठवा.

हिशेबाची नोंद

क्लेम मंजूर झाला की खर्च नावे (डेबिट), कर्मचारी देणं जमा (क्रेडिट). पैसे गेले की कर्मचारी देणं नावे, बँक जमा. या दोन नोंदी वेगळ्याच राहू द्या. पैसे गेल्यावर एकदमच 'खर्च नावे, बँक जमा' केलं तर २८ मार्चला मंजूर झालेला आणि ४ एप्रिलला दिलेला क्लेम नव्या वर्षाच्या खर्चात जातो.

ॲडव्हान्सचं गणित उदाहरणानेच पाहावं. नाशिकला जाणाऱ्या इंजिनिअरने ₹१५,००० उचलले. परत येऊन ₹१७,४५० चा क्लेम टाकला, त्यातले ₹५०० नामंजूर, मंजूर ₹१६,९५०. आधी ॲडव्हान्सचे ₹१५,००० वळते होतात आणि देणं फक्त ₹१,९५० चं तयार होतं. मंजूर रक्कम ₹१२,३०० असती तर ₹२,७०० त्याच्याकडून येणं राहिलं असतं: बँकेत भरा, पगारातून कापा किंवा पुढच्या क्लेममध्ये वळते करा, यांपैकी एक पर्याय निवडल्याशिवाय सेटलमेंट बंद होऊ देऊ नका. एकाहून जास्त ॲडव्हान्स उघडे असतील तर सगळ्यात जुना आधी वळता करा. आणि तीस दिवसांपेक्षा जुना ॲडव्हान्स उघडा असताना नवा मागता येणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लावायला गेलात तर सेल्सचे लोक ऐकणार नाहीत.

टॅलीला नोंदी पाठवताना लेजरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं. 'प्रवास खर्च' आणि 'प्रवासाचा खर्च' टॅलीसाठी दोन वेगळी खाती. नावं हाताने टाइप करू देऊ नका. टॅलीतून यादी ओढा आणि तुमच्या खर्च-प्रकारांशी एकदाच जोडून ठेवा. टॅली सहसा ऑफिसच्या एखाद्या मशीनवर असतं आणि एक्सएमएल (ठरावीक साच्यातला मजकूर) विनंत्या मूळ सेटिंगमध्ये ९००० पोर्टवर (संगणकाचं बाहेरच्या विनंत्यांसाठीचं दार) ऐकतं. क्लाउडमधल्या सर्व्हरला तिथे थेट पोचता येत नाही आणि ते पोर्ट इंटरनेटला उघडं करणं म्हणजे घराला कडी न लावणं. त्यापेक्षा ऑफिसच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवा, जो दर काही मिनिटांनी प्रलंबित नोंदी ओढून टॅलीत टाकेल. उत्तरात किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या हे आकडे येतात. ते वाचा आणि साठवा. विनंती पोचली म्हणजे नोंद झाली, असं धरून चालणारी जोडणी पहिल्याच आठवड्यात तुटलेली असते, फक्त कळत नाही.

कंपनी कायद्याच्या लेखा-नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहायला हवा आणि तो बंद करता येऊ नये. तुमच्या क्लेम-सॉफ्टवेअरमधूनच नोंदी टॅलीत जाणार असतील तर ऑडिटर तिथलाही माग मागतो. तेव्हा 'डिलीट' ठेवूच नका. चुकलेली नोंद उलटी नोंद करून रद्द करायची. कोणी, कधी, आधीचं मूल्य, नंतरचं मूल्य आणि कारण. हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, म्हणून बिलांच्या फोटोंनाही तोच हिशेब लावा.

व्हेंडरची पेमेंट रिक्वेस्ट

प्रायव्हेट लिमिटेड ठेकेदाराचं बिल ₹१,००,०००, वर १८% जीएसटी ₹१८,०००, एकूण ₹१,१८,०००. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर: २% म्हणजे ₹२,०००. बँकेतून जाणार ₹१,१६,०००. ठेकेदार वैयक्तिक किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर दर १%. ज्यापुढे कपात लागते ती मर्यादा एका बिलाची ₹३०,०००, वर्षाच्या बेरजेची ₹१,००,०००. अडचण बेरजेतच आहे: ₹२५,००० ची चार बिलं कपातीशिवाय गेली आणि पाचव्याने लाखाची सीमा ओलांडली, तर आधीच्या चारांवरचीही कपात आता करावी लागते. म्हणून टीडीएस बिलागणिक न मोजता व्हेंडरच्या पॅनवर, आर्थिक वर्षाच्या बेरजेवर मोजा. शिवाय नोंद किंवा पेमेंट यांपैकी जे आधी होईल तेव्हा कपात लागते, म्हणजे व्हेंडरला ॲडव्हान्स देतानाही.

दर आणि मर्यादा कोडमध्ये लिहू नका. व्यावसायिक फीची मर्यादा १ एप्रिल २०२५ ला ₹३०,००० वरून ₹५०,००० झाली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, म्हणजे कलमांचे क्रमांकच बदलले. तारखेच्या कक्षेसह एक टेबल ठेवा आणि रिक्वेस्टच्या वेळी लागलेला दर त्या रिक्वेस्टवरच कॉपी करा, नाहीतर गेल्या वर्षीचं व्हाउचर उघडल्यावर नवाच आकडा दिसेल.

लघुउद्योगांच्या देय तारखा हा पुण्यात रोजचा प्रश्न आहे. भोसरी-चाकणच्या कंपन्यांचे जॉबवर्क करणारे बरेच पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु गटात नोंदलेले असतात. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मोजणी माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या तारखेपासून. बिलाच्या तारखेपासून नव्हे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याची ही मुदत चुकली तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षात वजावटीला मिळतो. त्यामुळे व्हेंडर मास्टरमध्ये (व्हेंडरच्या माहितीची मूळ यादी) उद्यम क्रमांक (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा), गट (मध्यम गटाला हा नियम नाही), उत्पादक, सेवा की व्यापारी, आणि लेखी कराराचे दिवस हे रकाने हवेत. देय तारीख सॉफ्टवेअरने काढावी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३१ मार्चपूर्वी मुदत संपणारी यादी आपोआप यावी.

बँक खातं बदलण्याची विनंती ही फसवणुकीची आवडती वाट. व्हेंडरच्या नावाने मेल येतो: आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा. सॉफ्टवेअरमध्ये चार अडसर ठेवा: बदल एकाने नोंदवायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, मेलमधल्या नंबरवर नव्हे, आधीपासून मास्टरमध्ये असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याची नोंद, एक रुपयाची चाचणी, आणि मंजुरीनंतर ४८ तास त्या खात्यावर पेमेंट बंद. घाईचं पेमेंट अडलं म्हणून कुणी ओरडलं तरी हा नियम शिथिल करण्याचं बटण देऊ नका.

मंजुरीची साखळी

साखळी लहान ठेवा. ₹५,००० पर्यंत वरिष्ठ, ₹२५,००० पर्यंत विभागप्रमुख, त्यापुढे संचालक, एवढ्यावर बहुतेक कंपन्यांचं भागतं. पाच पायऱ्यांच्या साखळीत प्रत्येक जण पुढचा बघेल असं समजून डोळे मिटून मंजूर करतो. मंजुरी ओळीनिहाय असावी: मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, कारण. अख्खा क्लेम एका बिलासाठी परत पाठवला तर माणूस कंटाळतो आणि उरलेले पैसेही अडकतात.

मंजुरी क्लेमच्या विशिष्ट आवृत्तीला लागते. मंजुरीनंतर रक्कम, व्हेंडर, खातं किंवा जोडलेलं बिल बदललं की मंजुरी आपोआप पडली पाहिजे. ही एक चूक इतक्या ठिकाणी दिसते की चाचणीत ती पहिली घ्यावी. स्वतःचा क्लेम स्वतः मंजूर करता येऊ नये. विभागप्रमुखाचा क्लेम त्याच्या वरच्याकडे जावा आणि वर कुणी नसेल तर अकाउंट्सप्रमुखाकडे. गणपतीत अर्धं ऑफिस रजेवर असतं, म्हणून अधिकार तात्पुरते सोपवण्याची सोय तारखांसह हवी, आणि ज्याला अधिकार सोपवला त्याचाच क्लेम त्या साखळीत आला तर तो वळवला जावा.

मर्यादा चुकवायला लोक क्लेम तोडतात: ₹४,९०० चे दोन. एकाच माणसाने सात दिवसांत, त्याच व्हेंडरकडे केलेल्या खर्चाची बेरीज मंजूर करणाऱ्याला दाखवा. अडवू नका, नुसतं दाखवा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. रोखीसाठी आयकर कायद्याची मर्यादा एका व्यक्तीला एका दिवसात ₹१०,०००, मालवाहतूकदाराला ₹३५,०००. त्यावरचा रोख खर्च वजावटीला सहसा मिळत नाही. मर्यादा दिवसाच्या बेरजेवर असल्याने व्हाउचर तोडून काही साधत नाही. असा क्लेम आपोआप नाकारू नका, कारण नियमाला अपवाद आहेत. सीएच्या यादीत टाका. ₹५,००० वरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. फोटोत ते दिसतं का, हा चेकबॉक्स पडताळणीच्या पानावर ठेवा.

बिल, फोटो आणि शेवटी फॉर्म

एक बिल म्हणजे एक ओळ नव्हे. हॉटेलच्या बिलात खोली, जेवण आणि कपडे धुलाई असते. खोली मंजूर, जेवण दैनिक भत्त्यातून, धुलाई नामंजूर. बिल आणि ओळ यांचं नातं अनेकास-अनेक ठेवा, म्हणजे एका बिलाच्या अनेक ओळी आणि एका ओळीला अनेक बिलं चालतील.

जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करणं) ओळीनिहाय ठरवा. जेवणखाणाचं क्रेडिट सहसा मिळत नाही. बंगळुरूच्या हॉटेलचं बिल कर्नाटकचा कर लावून येतं. नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तो कर खर्चातच जातो. लोहगावहून केलेल्या विमानप्रवासाचं जीएसटी इनव्हॉइस तिकिटापेक्षा वेगळं असतं, ते एअरलाइनच्या साइटवरून उतरवावं लागतं. बोर्डिंग पास जोडून क्रेडिट मिळत नाही. आणि बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नसेल तर सगळंच मुसळ केरात. हा क्रमांक १५ अक्षरांचा: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं पॅनची, शेवटचं तपासणी-अक्षर, जे आधीच्या अक्षरांवरून गणिताने निघतं. तपासणी-अक्षराचं गणित मोबाइलवरच करा, म्हणजे चुकीचा क्रमांक हॉटेलच्या काउंटरवर असतानाच कळतो.

दुबार बिल ओळखायला तीन चाळण्या लावा. पहिली: व्हेंडरचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. तुलनेआधी मोकळ्या जागा, रेघा आणि सुरुवातीची शून्यं काढा, कारण '००१२/२५-२६' आणि '१२/२५-२६' एकच बिल असतं. दुसरी: जीएसटी नसलेल्या बिलांसाठी रक्कम, तारीख आणि दुकान. तिसरी: फोटोचा दृश्य-हॅश (चित्र कसं दिसतं यावरून काढलेला ठसा), म्हणजे तोच फोटो आकार किंवा दर्जा बदलून पुन्हा चढवला तरी सापडतो. चाळणीत अडकलेलं बिल आपोआप नाकारू नका. दोघांनी एकत्र जेवून बिल वाटून घेतलेलं असू शकतं.

ज्याला बिलच नसतं असा खर्च पुण्यात भरपूर: रिक्षा, पार्किंग, हमाली. रिक्षासाठी कुठून-कुठे आणि किलोमीटर मागा, दर तुमच्या टेबलातून लावा, महिन्याची मर्यादा ठेवा. टोल फास्टॅगने जातो, म्हणून पावतीऐवजी स्टेटमेंटमधली ओळ निवडता यावी. यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पैसे दिल्याचा पुरावा आहे, काय घेतलं याचा नाही. त्याला बिलाच्या रकान्यात जागा देऊ नका. थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि पाकिटात उडून जाते, तेव्हा खर्चाच्या दिवशीच फोटो काढून मसुदा ठेवता येणं हे फॉर्मचं मुख्य काम. नेटवर्क नसलं तरी फोटो फोनवर राहिला पाहिजे. कारखान्यांच्या शेडमध्ये सिग्नल नसतो.

ओसीआरने (फोटोतला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) रकाने भरून द्यावेत, ठरवू नयेत. तपकीर गल्लीतलं छापील बिल ते ठीक वाचतं, मार्केट यार्डातली हाताने लिहिलेली मराठी पावती मात्र नाही. हस्ताक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत होते. वाचलेल्या रकमेशेजारी फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून दाखवा आणि माणसाकडून खात्री घ्या. रकमेच्या रकान्यात देवनागरी अंक टाइप केले तरी चालले पाहिजेत.

चाचणी आणि सुरुवात

सोडण्याआधी या गोष्टी मुद्दाम बिघडवून पाहा: बॅच सोडताना सर्व्हर बंद करणं, एकच रिव्हर्स फाइल दोनदा चढवणं, जमा झालेलं पेमेंट तीन दिवसांनी परतणं, मंजुरीनंतर बिल बदलणं, ३१ मार्चच्या मध्यरात्री क्लेम, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा उघडा ॲडव्हान्स, टॅली बंद असताना शंभर नोंदी.

पहिल्यांदा सर्व्हिस इंजिनिअरचा एकच गट घ्या, कारण त्यांचे क्लेम सगळ्यात गुंतागुंतीचे असतात आणि पैसे उशिरा मिळाल्याचा त्रासही त्यांनाच जास्त. मार्च, एप्रिल आणि दिवाळीचा महिना टाळा. एक महिना जुनी कागदी पद्धत समांतर चालू द्या, पण पैसे एकाच वाटेने जाऊ द्या. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या तर समांतर महिन्यातच दुबार पेमेंट होतं. रोज संध्याकाळी तीन बेरजा जुळवा: सॉफ्टवेअरमधली जमा झालेली पेमेंट, बँक स्टेटमेंट आणि टॅलीचं बँक खातं.

जुने ॲडव्हान्स आणताना 'ओपनिंग बॅलन्स' असा एकच आकडा टाकू नका. माणसाचं नाव, उचलल्याची तारीख, मूळ रक्कम, वळती झालेली रक्कम असं एकेक उतरवा आणि प्रत्येकाकडून शिल्लक मान्य असल्याची सही घ्या. यात आठवडा जातो. काही जण "ते तर मी तेव्हाच दिले होते" म्हणतील, काही जुनी व्हाउचरं कपाटाच्या मागे सापडतील, आणि हा वाद नवं सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी मिटवणं स्वस्त पडतं.